बंद काहील

ज्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचा, सारजाबाईचा, हात तिच्या नवऱ्याने मोडला ते साल एकोणीसशे त्रेसष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. कारेगावाहून ती बैलगाडीत बसून केंदूरला माहेरी आली, तेव्हा उजवा हात पदराने गळ्यात बांधलेला होता आणि ओठ फुटून सुजला होता. आईने विचारलं, "कशानं गं मारलं?"

"झाऱ्यानं," ती म्हणाली.

झारा म्हणजे गुऱ्हाळावर उकळत्या रसावरची मळी काढायचा भोकाभोकांचा लोखंडी डाव. त्याला पुरुषभर लांब दांडा असतो. तिचा नवरा संपत गुळव्या होता. काहिलीतला, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या उथळ कढईतला, रस मळी कधी सोडतो, फेस कधी उतू येतो, पाक कधी खाली घ्यायचा, हे ज्याच्या शब्दावर चालतं तो गुळव्या. घोडनदीच्या काठाला संपतच्या तोडीचा गुळव्या नव्हता, हे आम्ही त्याचे वैरी असूनही कबूल करत होतो. पण हात सुटलेला माणूस. काहिलीखाली जाळ घालणाऱ्या जाळव्याला मारायचा, चरकाच्या बैलाला मारायचा, घरी येऊन बायकोला मारायचा.

दुसऱ्या दिवशी वडील, मी आणि दोन चुलत भाऊ काठ्या घेऊन कारेगावला गेलो. संपत गुऱ्हाळावरच होता. आम्ही त्याला बैलाच्या जागी चरकाच्या आडव्या लाकडाला बांधला आणि मारला. तो ओरडला नाही. रक्त थुंकत एवढंच म्हणाला, "पाक लागंल. आधी काहील उतरा, मंग मारा." वडिलांनी खरंच थांबून काहील उतरू दिली आणि मग पुन्हा काठी उचलली.

पंचांनी तोड काढली. संपतने कायमची नोकरी धरायची, राहायला पक्की खोली घ्यायची, मग सारजाला नांदायला धाडायचं. तोवर ती माहेरी. संपतने मान खाली घालून ऐकलं. बायको परत हवी होती त्याला. मारायला हवी होती की घर करायला, ते तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं.

दौंड तालुक्यात भीमेच्या काठी तेव्हा नवा साखर कारखाना सुरू झाला होता. आसपासची गुऱ्हाळं बंद पडत होती आणि गुळवे, जाळवे सगळे तिकडे चालले होते. संपत गेला. वडील मला म्हणाले, "तू बी जा त्याच्यासंगं. हातावर नजर ठिव त्याच्या." अशा रीतीने मी माझ्या बहिणीचा हात मोडणाऱ्याच्या हाताखाली कामाला लागलो.

आमचं काम रस आटवायच्या टाक्यांवर होतं. माडीएवढ्या उंच, लोखंडी, चारी बाजूंनी बंद अशा चार टाक्या ओळीने उभ्या. त्यांना बॉडी म्हणत. पहिल्या बॉडीत पातळ रस यायचा आणि वाफेवर उकळायचा. त्या उकळीची जी वाफ निघायची ती वाया न घालवता दुसऱ्या बॉडीच्या नळ्यांभोवती फिरवायची, तिथे ती थंड होऊन तिचं पाणी व्हायचं आणि ते कढत पाणी नळाने परत बॉयलरला जायचं. बॉडीला पोटावर एक उभी काच होती. तेवढ्या काचेतून आत काय चाललंय ते बघायचं. संपत त्याला बंद काहील म्हणायचा.

"काहील ती काहीलच," तो सांगायचा. "वरनं झाकण घातलं म्हून रसाची जात बदलती व्हय?"

रसाची जात बदलत नाही, हे कारखान्याचा केमिस्ट अयुबही म्हणायचा. अयुब शिरूरचा. पुण्याला शिकून आलेला, बारीक अंगाचा, तिशीच्या आतला. त्याची एक खोड होती. रसाचा नमुना काचेच्या बाटलीत अर्धा भरायचा, बूच लावून दणदणा हलवायचा, बाटली टेबलावर ठेवायची आणि फेस बसायला किती वेळ लागतो ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं. ताज्या उसाचा फेस लगेच फुटायचा. शिळ्या, आंबलेल्या उसाचा फेस साबणासारखा उभा राहायचा. त्यावरून आज बॉडीत रस किती वर ठेवायचा आणि वाफ किती द्यायची ते तो सांगायचा.

गडी हसायचे. संपत सगळ्यात जास्त. "काय अयुबभाई, बाळाला खुळखुळा वाजवून दावताय का?"

"हसा, संपतराव," अयुब म्हणायचा. "उघड्या काहिलीत फेस वर आला तर तुम्हाला दिसतो. अंगावर आला तर पळता येतं. हितं तो वाफेच्या वाटेनं निघून जातो. फेस म्हंजी काय? रसाची कातडी आन् आत वाफ. वाफ पुढं गेली की कातडी बी संगं जाती. मंग रस दुसरीच्या नळ्यांवर, तिथनं पाण्यात, पाण्यातनं बॉयलरात."

"मंग बॉयलर गोड चहा पिईल!"

"आन् आमच्या थोबाडावर थुंकंल," खालून अल्लाबक्षमामा ओरडले. ते बॉयलर सांभाळायचे. जन्म दौंडच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनाच्या भट्टीपुढे गेलेला, भुवया कायमच्या जळालेल्या, बोलणं रोखठोक. कढत पाणी बॉयलरला जायच्या आधी नळाची तोटी सोडून ते थेंबभर जिभेवर घ्यायचे. जरा गोड लागलं की वरच्या आम्हा सगळ्यांच्या आयांचा उद्धार व्हायचा. अयुबची औषधं घालून रंग बघायची पद्धत होतीच, पण मामांचा भरवसा जिभेवर. त्या हंगामात रमजान जानेवारीत लागला. रोज्यात थेंबही चालत नाही, म्हणून त्यांनी ते काम मला लावलं.

"गेण्या, तंबाखू थुक आन् चूळ भर आधी," ते म्हणायचे. "तुझ्या जिभेवर माझा जीव हाय."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला चरकाचा मोठा लाट, म्हणजे ऊस पिळायचा रूळ, मोडला आणि गाळप बंद पडलं. कारखान्याच्या आवारातल्या अड्ड्यात उसाच्या गाड्या उभ्या राहिल्या. उसाच्या मोळ्यांवर ऊन तापू लागलं. तीन दिवसांनी लाट बसला तेव्हा अड्ड्यात आंबूस वास सुटला होता आणि उसाच्या तोंडाला माश्या घोंघावत होत्या. सगळ्यात पुढे पोपटरावांच्या गाड्या होत्या. पोपटराव कारखान्याचे संचालक. जमीन मोठी, आवाज मोठा आणि सोबत काठीवाले चार गडी कायमचे.

अयुबने त्यांच्या उसाचा रस काढून बाटली हलवली. टेबलावर ठेवली. आम्ही सगळे बघत होतो. फेस हलेना. कुणीतरी बिडी ओढून संपवली तरी फेस तसाच. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

"आप्पा," अयुब पोपटरावांना म्हणाला, "ऊस टाकून देऊ म्हणत न्हाई मी. ताज्या उसात थोडा थोडा मिसळून घेऊ. रस काचेच्या निम्म्याखाली ठेवू, वाफ कमी देऊ. उद्या सांजंपातुर तुमच्या समद्या गाड्या मोकळ्या."

"उद्या? उद्या त्यात किडे पडतील! माझा ऊस आधी. नुसता माझा."

"तसा घेतला तर फेस बॉयलरात जाईल."

पोपटरावांनी त्याच्या तोंडात मारली. उलट्या हाताने, अंगठीसकट. अयुबची बाटली टेबलावरून पडून फुटली. तो गाल धरून उभा राहिला आणि परत तेच म्हणाला, "फेस बॉयलरात जाईल, आप्पा." मग दुसरी बसली. तो खाली बसला. काठीवाले पुढे सरकले, आमचेही गडी पुढे सरकले, कुणी पाना उचलला, कुणी उसाचं कांडं. त्या गर्दीतून संपत पुढे आला.

"आप्पा, ऊस सोडा. मी घेतो."

"तू कोण?"

"गुळव्या हाय. जलम फेस मारण्यात गेला माझा. एरंडेल द्या मला डबाभर."

पोपटरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "माझा ऊस पार पडला तर उद्या तू हितला कायमचा मिस्त्री. खोली बी देतो. न्हाई पडला तर पाठीत काठ्या आन् रस्ता."

संपतने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला स्पष्ट कळलं. मिस्त्री, खोली आणि सारजा. त्याला हवं ते सगळं त्या आंबलेल्या उसाच्या पलीकडे उभं होतं.

"दाजी, नका," मी म्हणालो. "अयुबभाई म्हणतात तसं करू."

"तुला तुझी भन घरात सडवायची का?"

गाळप सुरू झालं. दुपारचे दोन वाजले असतील. संपतने रसाच्या टाकीत एरंडेल ओतलं आणि काचेपुढे जाऊन उभा राहिला. काचेत आधी पांढराशुभ्र फेस दिसला, वरपर्यंत. मग तेल भिनलं. फेसाला भोकं पडली, तो मोडला, बसला. संपतने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ. रस मालकाला वळखतोय."

खोटं नव्हतं ते. एरंडेलाने फेस मरतो. पण नवा आंबट रस येतच होता आणि त्याच्यापुढे एरंडेल पुरत नव्हतं. थोड्या वेळाने फेस पुन्हा चढला. संपतने पुन्हा ओतलं. चढला, ओतलं. मग अर्ध्या तासाने काच एकदम स्वच्छ झाली. फेस गेला. काचेत वर काहीच नाही, तळाला थोडा तपकिरी रस खदखदतोय.

गुऱ्हाळावर एक रीत आहे. फेस बसला की जाळ वाढवायचा. बसलेला फेस म्हणजे मळी निघाली, रस साफ झाला, आता आटव. वीस वर्षं संपतने हेच केलं होतं. त्याने वाफेचं चाक दोन्ही हातांनी फिरवून पुरं सोडलं.

तेव्हा मी तोटीवर गेलो. चूळ भरली, थेंब जिभेवर घेतला. नुसतं गोड नव्हतं ते, रसच होता. ओंजळीत धरलं तर पाणी पिवळं दिसलं.

मी जिना चढत ओरडलो, "अयुबभाई, रस पाण्यात आला!"

अयुबचा एक डोळा सुजून बंद झाला होता. त्याने काचेकडे एकदाच बघितलं. "फेस बसला न्हाई," तो म्हणाला. "रस निघून गेला. म्हून काच रिकामी." आणि तो कढत पाण्याच्या नळावरच्या चाकाकडे पळाला. ते चाक फिरवलं की कढत पाणी बॉयलरला न जाता गटारात जायचं. बॉयलरला मग नदीचं थंड पाणी द्यायचं. वाफ उतरली असती, गाळप थांबलं असतं, पण बॉयलर वाचला असता.

संपत चाकापुढे आडवा झाला. "हात लावू नका."

"सरका, संपतराव."

"वाफ उतरली तर चरक थांबंल. चरक थांबला तर—"

"खाली माणसं हायेत!"

संपतच्या हातात पाना होता. त्याने तो अयुबच्या खांद्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अयुब पडला, पडल्या पडल्या एका हाताने चाकाला धरू लागला, तर संपतने त्या हातावर पाय दिला. मग मी संपतच्या अंगावर गेलो. तीन महिने मी त्याच्या हातावर नजर ठेवली होती आणि त्या हातांचा राग तीन महिने साठवला होता. मी त्याचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं. त्याने माझ्या बरगडीत पाना घातला. मी त्याच्या मनगटाला चावलो, पाना सुटून पायाखालच्या लोखंडी जाळीतून खाली गेला. आम्ही एकमेकांचे गळे धरून लोळत होतो. कढत नळाला माझी पाठ लागली आणि सदऱ्यासकट कातडी निघाली. पाठीवर तो वण अजून आहे.

आणि तेवढ्यात नळ ठोकायला लागले. कुणी आतून घण मारावा तसे. वाफेच्या नळात पाणी आलं की असा आवाज होतो. मागोमाग वास आला, जळक्या काकवीचा.

संपतने माझा गळा सोडला. तो वास त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तो उठून काचेपाशी गेला, तळाशी डोळा लावला. पहिल्या बॉडीत आता काहीच नव्हतं. नळ्यांना चिकटलेला पाक करपत होता.

"उतू गेली," तो हळू म्हणाला. "गेणबा, काहील उतू गेली."

मी अयुबला ओलांडून चाक फिरवलं. पण बॉयलरात रस गेला होता तो गेलाच होता. खाली अल्लाबक्षमामा बॉयलरच्या पाण्याच्या काचेपुढे उभे होते. मी वरून त्यांना बघत होतो. काच भरलेली दिसत होती, वरपर्यंत. पाणी भरपूर आहे असंच कुणीही म्हणालं असतं. पण रसाने बॉयलरचं पाणीही फेसाळलं होतं आणि काचेत दिसत होता तो फेस. खरं पाणी नळ्यांच्या खाली गेलं होतं. भट्टीत जळणाचा उसाचा भुसा धडधडत होता आणि कोरड्या नळ्या लाल होत होत्या.

मामांनी काचेची तोटी सोडून बघितली. नुसता फेस आणि वाफ आली. त्यांनी मागे फिरून गड्यांना हात केला, "भागो! सब भागो! भुसा बंद! दार उघडू नका, लांब व्हा!" भट्टीचं लोखंडी दार बंद राहिलं तर नळी फुटूनही सगळा जोर धुराड्यातून वर जातो. हे त्यांना इंजिनावर शिकायला मिळालं होतं. गडी पळाले. ते शेवटी निघाले.

संपत मात्र जिना उतरून उलटा भट्टीकडे धावत होता. गुऱ्हाळावर काहील उतू गेली की गुळव्या पहिलं काम एकच करतो, चुलवणातला जाळ ओढून बाहेर काढतो. जाळव्याची वाट बघत नाही. कशाचीच वाट बघत नाही. जाळ ओढला की काहील शांत होते. संपतने भिंतीला टेकवलेला लांब आकडा उचलला.

"दाजी!" मी ओरडलो. "दार नका उघडू!"

"जाळ वढतो!" तो ओरडला. "जाळ वढला की बसंल!"

अल्लाबक्षमामा वळले. दारापासून ते दहा हात लांब पोचले होते, पळून जाऊ शकले असते. "अरे कंबख्त, वो दरवाजा छोड!" म्हणत ते परत आले. त्यांनी संपतला कमरेत धरून मागे ओढलं. म्हाताऱ्याचं बळ किती पुरणार? संपतने आकडा कडीत घालून हिसका मारला आणि दार उघडलं.

नळी त्याच वेळी फुटली.

आवाज माझ्या कानात राहिला नाही, नुसता धक्का राहिला. भट्टीच्या तोंडातून पांढरी वाफ, त्यात लाल भुसा आणि राख, असा लोट बाहेर आला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. दोघेही त्यात दिसेनासे झाले. छपराचे पत्रे उडाले. वाफ निवेपर्यंत कुणाला जवळ जाता आलं नाही. मी जिन्यावर बसून ओरडत होतो आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

आम्ही त्यांना पोत्यांवर घेतलं. मामांचा सदरा आणि कातडी वेगळी करता येत नव्हती. ते शुद्धीवर होते. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं. अयुब मोडलेला खांदा सांभाळत त्यांच्या डोक्याशी बसला होता. "मामा, घ्या," तो रडत म्हणत होता. "चालतं. अशा वक्ताला चालतं." त्यांनी घेतलं नाही.

संपतचा चेहरा राहिला नव्हता, पण बोलत होता. मी जवळ गेलो. शिव्या द्याव्या असं मनात होतं. तो म्हणाला, "वढला का रं जाळ?"

"व्हय," मी म्हणालो.

बाहेर अड्ड्यात तोवर मारामारी जुंपली होती. कारखान्याच्या गड्यांनी पोपटरावांच्या गाड्या उलथल्या, चाकं फोडली. काठीवाल्यांपैकी एकाचं डोकं फुटलं. पोपटरावांना त्यांच्याच गाडीखालून ओढून काढून लाथांनी तुडवलं. दोघांना दवाखान्यात नेलं आणि तिथे मामा गेले. शिरूरहून त्यांचे दोन लेक आले तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं, गुळव्याने मारला तुमच्या बापाला. ते हातात लोखंडी गज घेऊन दवाखान्यात संपतला शोधत आले. दारात अयुब उभा राहिला, एक हात गळ्यात बांधलेला. "मारायला आत काही उरलेलं न्हाई," तो त्यांना म्हणाला. त्यांनी आत डोकावून बघितलं, गज दारात टाकले आणि बापाचं प्रेत घेऊन गेले.

चौकशी झाली. नव्या कारखान्याचा बॉयलर जुना होता असं ठरलं. पोपटरावांचा ऊस अड्ड्यातच कुजला आणि त्याचा वास होळीपर्यंत गेला नाही. अयुब बरा झाल्यावर नोकरी सोडून दूर कुठल्या तरी कारखान्यावर गेला. जाताना मला म्हणाला, "गेणबा, त्याला कुणी सांगितलंच न्हाई का, का सांगून बी कळलं न्हाई?" मी म्हणालो, "सांगितलं तुम्ही. पर त्यानं काचेत बघितलं आन् त्याला गुऱ्हाळ दिसलं."

सारजाबाईला आणायला मीच केंदूरला गेलो होतो. ती संपतच्या उशाशी बसली, पण रडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेल्यावर तिने मला विचारलं, "ते म्हातारं कशाला गेलं रं परत त्याला वढायला?" 

अल्लाबक्ष शेख, राहणार शिरूर, सहा फेब्रुवारी एकोणीसशे चौसष्ट रोजी रोजा सुटायच्या आधी वारले. संपत, राहणार कारेगाव, आठ फेब्रुवारीला सकाळी मेला.